तेवढा लाल दिवा सोडून

६ नोव्हेंबर
उणे तीन. वारा पश्चिमेचा, बेताचा.

ही डायरी खरं तर हवामानाची. बियाण्यांच्या दुकानातून दर वर्षी फुकट मिळते आणि मी तीत तापमान, वारा आणि बर्फ एवढंच लिहितो. जमीन पुतण्याला कसायला देऊन टाकली, तरी सवय सुटली नाही. आज पान रिकामं आणि डोकं भरलेलं आहे, म्हणून लिहितो. मार्लिसला सांगून उपयोग नाही. बायको आहे, ती हसते.

आज कॅफेत नेस्टर माझ्या शेजारी बसला नाही. टेबलाला वळसा घालून खिडकीकडे पाठ करून बसला, ग्रॅहमच्या शेजारी. म्हणे समोरून उजेड डोळ्यांवर येतो. आम्ही दोघं त्या बाकावर तिशीपासून बसतोय, केस होते तेव्हापासून. तेव्हा उजेड येत नव्हता वाटतं.

हा ग्रॅहम ऑगस्टमध्ये ऑन्टारियोहून आला. कुठल्याशा कारखान्यात विजेची कामं करायचा. तिकडचं घर विकून त्या पैशात इथे सास्कॅचेवानला घर आणि वर एक जुनी पिकअप घेतली. टोपी नेहमी धुतलेली. धुतलेली टोपी घालणाऱ्या माणसावर मी पटकन विश्वास ठेवत नाही.

नेस्टर म्हणाला, "माझ्या पिकअपचे काटे दिसेनासे झालेत. जरा अंधारलं की डॅशबोर्ड नुसता काळा."

मी म्हणालो, "तुला काटे कशाला हवेत? ती गाडी ऐंशीच्या वर गेली तर दरवाजे मागे राहतील."

सगळे हसले. नेस्टर हसला नाही.

"एलईडी टाक," ग्रॅहम म्हणाला. "मी माझ्या गाडीत टाकलेत. चल, दाखवतो."

झालं. गरम कॉफी टेबलावर सोडून सगळी मंडळी बाहेर, कॅफेवाली टॅमीसुद्धा, ॲप्रन घालून, थंडीत. ग्रॅहमने चावी फिरवली आणि काट्यांच्या मागे पांढरा लख्ख उजेड पडला. नेस्टर आत वाकला, इतका की नाक काचेला टेकलं. बराच वेळ तसाच. मग म्हणाला, "दिसतंय रे. आकडेसुद्धा दिसतायत."

मी म्हणालो, "नाताळला अजून अवकाश आहे." कोणी हसलं नाही.

नव्याची नवलाई नऊ दिवस. बघू.

११ नोव्हेंबर
उणे नऊ. बारीक बर्फ.

युद्धात गेलेल्यांच्या स्मारकापाशी दर वर्षीप्रमाणे दोन मिनिटं उभं राहिलो. कोटाला लाल फूल. पायऱ्या उतरताना नेस्टरने ग्रॅहमचं कोपर धरलं होतं. शाळेतल्या पोरींसारखे. मी मागेच होतो. माझंही कोपर होतं की तिथे.

१४ नोव्हेंबर
उणे अकरा. निरभ्र.

आज हद्द झाली. खडीच्या रस्त्यावर नेस्टर समोरून आला. मी स्टीअरिंगवरून बोट उचललं. आमच्याकडे नमस्कार तेवढाच असतो, एक बोट. मागे बांधाच्या भांडणात कोर्टात गेलेले दोन भाऊसुद्धा एकमेकांना बोट उचलायचे. नेस्टर माझ्याकडे सरळ बघत होता. आणि तसाच निघून गेला.

घरी येऊन मार्लिसला सांगितलं.

"दिसलं नसेल त्याला," ती म्हणाली.

"एवढी मोठी लाल गाडी दिसली नाही?"

"मग विचारात असेल. त्याची ओल्गा वारल्यापासून एकटाच असतो बिचारा."

"एकटा कुठला? तो ऑन्टारियोवाला आहे ना चोवीस तास बगलेत."

मार्लिसने कणीक मळायची थांबवली आणि माझ्याकडे बघितलं. "ॲल्विन, तुझ्या पोटात दुखतंय."

"माझं पोट उत्तम आहे."

"हो तर. सत्तरीला आलास आणि मैत्रिणीने दुसऱ्याबरोबर नाच केला म्हणून रुसून बसलायस."

म्हणूनच तिला काही सांगत नाही.

१९ नोव्हेंबर
उणे चौदा. वारा वायव्येचा, बोचरा.

कॉफीचे पैसे कोणी द्यायचे ते आमच्याकडे फासे ठरवतात. चामड्याच्या पेल्यात तीन फासे, ज्याची बेरीज सर्वांत कमी तो सगळ्यांची देतो. आज नेस्टरने पेला उपडा केला आणि म्हणाला, "सात. मीच देतो." खिशात हात घातलासुद्धा.

ग्रॅहम त्याच्या कानाशी वाकून हळूच म्हणाला, "नेस्टर, तेरा आहेत. नीट बघ." नेस्टरने फाशांवरून अंगठा फिरवला आणि म्हणाला, "हो की."

म्हणजे आता याला फासे मोजायलाही वकील लागतो. आणि नेस्टरचं मन बघा, मुद्दाम कमी सांगून दुसऱ्यांच्या कॉफीचे पैसे भरायला निघाला होता. तो पहिल्यापासून असाच आहे, हाताने सढळ. ते ग्रॅहमला काय कळणार? त्याला वाटलं चुकला.

माझे पाच आले. मी पैसे दिले. त्याचं कोणाला काही नाही.

२६ नोव्हेंबर
उणे अठरा.

दोघं काल सास्काटूनला जाऊन आले. ग्रॅहमच्या गाडीतून. मला विचारलंही नाही. मी मार्लिसच्या गुडघ्यासाठी दर महिन्याला सास्काटूनला जातो, तो रस्ता मला झोपेत येतो. कशाला गेला होतास विचारलं तर नेस्टर म्हणतो, "असंच, काम होतं." येताना मोठा काळा चष्मा लावून आलाय. ढगाळ हवेत. कॅफेत बसून काळा चष्मा लावून कॉफी पितोय, सिनेमातल्यासारखा. ग्रॅहमच्या संगतीचे गुण. ढवळ्याशेजारी बांधला पवळ्या.

एलईडीही तिथूनच घेऊन आलेत. शनिवारी ग्रॅहम बसवून देणार आहे.

मी म्हणालो, "कशाला? ती गाडी माझ्या हाताखालून गेलीय. तिचा क्लच मी बदलला, रेडिएटर मी बदलला, ओल्गाने कुंपणाला ठोकली तेव्हा फेंडर मी सरळ केला. दिवे मी बसवीन."

नेस्टरने ग्रॅहमकडे तोंड केलं. ग्रॅहम म्हणाला, "ॲल्विन करतोय तर उत्तमच. त्याला गाडी माहीत आहे."

मला याची परवानगी लागते!

निघताना तो माझ्यामागून पार्किंगपर्यंत आला. "एक सांगायचं होतं. तेवढा लाल दिवा सोडून बाकीचे बदल. बॅटरीचं चित्र आहे ना, तो. तिथे जुनाच बल्ब राहू दे, कारण..."

"ग्रॅहम," मी म्हणालो, "तू चड्डीत मुतत होतास तेव्हापासून मी पिकअप उघडतोय."

त्याने टोपी नीट केली आणि गेला. तो माझ्याहून दोन वर्षांनी मोठा आहे, हे घरी आल्यावर आठवलं.

३० नोव्हेंबर
उणे सोळा. वारा नाही. छान दिवस.

काल नेस्टरची पिकअप माझ्या गराजमध्ये घेतली. लाकडाची शेगडी पेटवली. नेस्टर बादली पालथी घालून बसला आणि मी काम केलं, पूर्वीसारखं. डॅशबोर्डची चौकट सोडवली, मागून स्पीडोमीटरची केबल काढली आणि सगळा संच पुढे ओढला. पाठीमागे दिवे आपापल्या भोकात बसलेले. पाव फेरा दिला की हातात येतात. जुन्या बल्बांवरच्या हिरवट टोप्या जळून कोळसा झाल्या होत्या. एलईडीला उलट-सुलट असतं, उलटा बसला तर लागत नाही, काढून फिरवून घालायचा. दोन उलटे बसले होते, ते फिरवले. यात ग्रॅहमने शिकवण्यासारखं काही नव्हतं.

लाल दिवाही बदलला. सगळी कवळी नवी बसवून एक किडका दात कशासाठी ठेवायचा? खरं सांगायचं तर त्याने ठेव म्हटलं नसतं, तर कदाचित ठेवलाही असता. चावी फिरवल्यावर बाकीचे झगझगीत लागले, लाल लागला नाही. तोही उलटा बसला असणार. पूर्वी गाडी सुरू करताना क्षणभर लागायचा खरा. पण तोवर सगळं परत जोडून झालं होतं, आणि लाल दिवा म्हणजे बिघाडाचा दिवा. तो न लागलेलाच बरा.

नेस्टर आत बसला. मी दार लोटून गराज अंधारं केलं. पांढऱ्या उजेडात त्याचा चेहरा बघत मी बाहेर उभा. तो मान जरा तिरकी करून काट्यांकडे बघत राहिला, कोंबडी दाणे बघते तसा.

"दिसतंय, ॲल्विन," तो म्हणाला. "चांगलं दिसतंय."

"ग्रॅहमच्यापेक्षा?"

"काय?"

"त्याच्या गाडीपेक्षा चांगलं दिसतंय की नाही?"

"हो रे बाबा, चांगलं दिसतंय."

मग त्याने आणलेल्या बटाटा भरलेल्या पिरोग्या शेगडीवर परतून तिथेच खाल्ल्या, आंबट साय घालून. ओल्गाची कृती, पण कडा नीट मिटलेल्या नव्हत्या, सारण बाहेर येत होतं. मी चिडवलं. तो म्हणाला, "ॲल्विन, तुला एक सांगायचंय." मी म्हणालो, आधी माझं ऐक, आणि ग्रॅहम कर्लिंग खेळताना बर्फावर दगड सरकवायला गेला आणि दगडासकट कसा आडवा झाला ते सांगितलं. पोट धरून हसला. मग उशीर झाला आणि गेला. काय सांगायचं होतं ते राहिलंच.

किती दिवसांनी असा शनिवार गेला.

३ डिसेंबर
उणे बावीस.

नेस्टर कॅफेत म्हणाला, गाडी सकाळी कुरकुरत सुरू होते. ग्रॅहमने लगेच माझ्याकडे बघितलं. मी म्हणालो, थंडीत मीसुद्धा कुरकुरत सुरू होतो. टॅमी खूप हसली.

४ डिसेंबर
उणे सव्वीस. वारा उत्तरेचा, वाढतोय.

दिवस बुडता बुडता गावातून परत येत होतो. आमच्या वळणाच्या अलीकडे, ओढ्याच्या उतारावर, नेस्टरची पिकअप कडेला उभी. दिवे बंद. तो आत बसलेला, टोपीवरून ओळखलं. मी वेग कमी केला आणि बोट उचललं. तो माझ्याकडेच बघत होता, अगदी सरळ. हात हलला नाही, मान हलली नाही.

शनिवारी माझ्या शेगडीवर पिरोग्या खाल्ल्या आणि गुरुवारी ओळख नाही. ग्रॅहमची वाट बघत असणार. संध्याकाळी हरणं उतरतात तिथे, ती दाखवायची असतील ऑन्टारियोवाल्याला. थंडीत उभ्या गाडीपाशी थांबायचं हा इथला कायदा आहे, कुठे लिहिलेला नसला तरी. पण तो अडकलेल्यांसाठी. रुसलेल्यांसाठी नाही. मी ॲक्सिलरेटरवर पाय दाबला आणि आलो.

मार्लिसने कोबीचे रोल केलेत, वास इथवर येतोय. जेवून बाकीचं लिहितो.

५ डिसेंबर
तापमान बघितलं नाही.

काल जेवताना फोन वाजला. मार्लिसने घेतला आणि माझ्याकडे वळली. "ग्रॅहम आहे. विचारतोय, नेस्टर आपल्याकडे पोचला का. अंधार पडायच्या आत निघाला होता म्हणे, आपल्याकडेच."

मी काट्याला टोचलेला घास खाली ठेवला. त्या रस्त्याने नेस्टर आमच्या घराशिवाय दुसरीकडे कुठे जात नाही. हे मला संध्याकाळी माहीत नव्हतं का?

मार्लिस काहीतरी विचारत होती. मी बूट घातले, पांघरुणं उचलली आणि निघालो.

पिकअप तिथेच होती. आत मिणमिणता उजेड दिसला, आणि तो दिसला म्हणून मला श्वास घेता आला. कॉफीच्या डब्यातली मेणबत्ती. हिवाळ्यात सगळेच गाडीत ठेवतात, आणि कोणालाच ती कधी लागत नाही. नेस्टर घोंगडी गुंडाळून बसला होता, उजवा हात काखेत. बॅटरी पार मेलेली, हॉर्नसुद्धा वाजत नव्हता. त्या उतारावर फोन लागत नाही. बॅटरीच्या तारा हलवून बघायला तो बाहेर उतरला, हातमोजा काढला, तो वाऱ्याने उडाला आणि त्याला सापडला नाही.

मी दार उघडलं. तो म्हणाला, "आलास का परत."

डोकं गारठलं होतं त्याचं. मी म्हणालो, "आलो, आलो, बोलू नकोस," आणि ओढतच त्याला माझ्या गाडीत घातलं. इस्पितळात नेईपर्यंत त्याची दातखीळ बसली होती. उजव्या हाताची दोन बोटं पांढरी पडली आहेत. डॉक्टर म्हणाले, वाचतील, बहुतेक.

६ डिसेंबर
उणे चोवीस.

इस्पितळात गेलो. नेस्टर उशीला टेकून बसलेला, हाताला पट्ट्या बांधलेल्या. मी खुर्ची ओढली. त्याने माझ्याकडे तोंड केलं आणि मान तिरकी केली.

"माझे डोळे गेलेत, ॲल्विन. पार नाही, मधलेच. जिथे बघावं तिथे राखेचा ठिपका. कडेकडेचं दिसतं. तुझ्या तोंडाकडे बघितलं तर तुझे कान दिसतात."

"कान बरे आहेत माझे."

"म्हणून तर बघतो."

मला हसू आलं नाही. कधीपासून, विचारलं. उन्हाळ्यापासून, म्हणाला. सास्काटूनला डोळ्यांच्या डॉक्टरकडे गेला होता. तिथे बाहुल्या मोठ्या करायचं औषध घालतात, म्हणून तो काळा चष्मा.

"आणि हे ग्रॅहमला सांगितलंस. मला नाही."

"सांगितलं नाही. त्याने ओळखलं. मी फासे चुकीचे वाचत होतो ना, तेव्हाच."

मी पायातल्या बुटांकडे बघत बसलो. तीन महिन्यांपूर्वी आलेल्या माणसाने ओळखलं.

"तुला सांगितलं असतं तर तू त्याच दिवशी चावी काढून घेतली असतीस," नेस्टर म्हणाला.

"घेतलीच असती."

"तेच. मला एक हिवाळा हवा होता. नुसता कॅफेपर्यंत. दिवे चांगले लागले तर जमेल वाटलं. मग तू बसवलेस, छान बसवलेस, आणि तरी मला कळलं की नाही जमणार. दोष दिव्यांचा नव्हताच. म्हटलं, शेवटचं एकदा ॲल्विनकडे आपण आपली गाडी चालवत जावं आणि चावी त्याच्या हातात द्यावी."

पुढे म्हणाला, "वाटेत कोणीतरी गेलं जवळून. गाडी हळू केली आणि निघून गेलं. कोण ते दिसलं नाही मला."

नर्स आली म्हणून मी उठलो. ती आली नसती तरी उठलोच असतो.

घरी येऊन मागची पानं उघडली. बाकावरचा उजेड, कोपर, बोट. पुढे वाचवलं नाही.

७ डिसेंबर
उणे एकवीस.

कॅफेत सगळे ग्रॅहमवर तुटून पडले. "तुझ्या त्या शोभेच्या दिव्यांपायी माणूस गोठून मेला असता," टॅमी म्हणाली, आणि त्याच्या कपात कॉफी न ओतता पुढे गेली. कोणी म्हणालं, जुन्या गाडीत नवी थेरं करायचीच कशाला. ग्रॅहमने एकदा माझ्याकडे बघितलं, मग टोपी काढून मांडीवर ठेवली. मी कॉफीत साखर ढवळत होतो. मी साखर घेत नाही.

इथे खोटं लिहून काय करू? मला बरं वाटलं. त्याच्या शेजारची खुर्ची रिकामी, त्याचा कप रिकामा, आणि मला बरं वाटलं. इतके दिवस मी जे बघायची वाट पाहत होतो ते घडत होतं. गाडीत बसायच्या आधी तोंडातला गोडवा बर्फात थुंकून टाकला.

८ डिसेंबर
उणे एकोणीस. बर्फ थांबला.

नेस्टरची पिकअप ओढून माझ्या अंगणात आणली आहे. दुपारी ग्रॅहम आला. दारावर टकटक करून मार्लिसला नमस्कार केला आणि मला म्हणाला, "येतोस का जरा?"

गराजमध्ये आम्ही डॅशबोर्ड पुढे ओढला. त्याने न शोधता त्या एका भोकाला हात घातला, पाव फेरा दिला, आणि माझा एलईडी त्याच्या तळव्यावर आला. दुसऱ्या खिशातून त्याने साधा जुना बल्ब काढला.

"या जुन्या गाड्यांत हा दिवा नुसता दाखवायला नसतो," तो म्हणाला. "गाडी सुरू होताना अल्टरनेटरला जाग आणणारा करंट याच्यातून जातो. एलईडीतून तेवढा जात नाही, आणि उलटा घातला तर काहीच नाही. अल्टरनेटर झोपून राहतो, बॅटरी भरत नाही. पाच दिवस पुरली हेच नशीब."

"तू सांगत होतास," मी म्हणालो.

"सांगत होतो."

"काल कॅफेत का नाही बोललास?"

त्याने बल्ब बसवला. "मी इथे नवा आहे, ॲल्विन. तुझं नाव घेतलं असतं तर त्यांनी माझं ऐकलं असतं का?"

बॅटरी चढवून गाडी सुरू केली. लाल दिवा क्षणभर लागला आणि विझला. मार्लिसने त्याला जेवायला थांबवून घेतलं. तिच्या बेरीच्या पायचा दुसरा तुकडा त्याने मागून घेतला. मला तेही आवडलं नाही. पण वाढला मीच.

९ डिसेंबर
उणे सतरा.

फासे टाकायच्या आधी मी उभा राहिलो. शेतकरी संघाच्या सभेतही मी कधी उभा राहून बोललो नाही. म्हणालो, "लाल दिवा मी बदलला. ग्रॅहमने नको म्हटलं होतं. मी मुद्दाम बदलला."

मग टॅमीने ग्रॅहमचा कप काठोकाठ भरला आणि माझा तसाच ठेवून गेली. बरोबर केलं. आजचे पैसे फासे न टाकता मी दिले.

सांगायचं ते अर्धंच सांगितलं. उरलेलं कॅफेत सांगण्यासारखं नाही.

१८ डिसेंबर
उणे तेरा. निवळलेलं. वारा नाही.

नेस्टरची बोटं वाचली. उजव्या हाताच्या दोन बोटांवर अजून पट्टी आहे. चावी त्याने परवा माझ्या हातात दिली, नुसती, काही न बोलता, आणि मी खिशात घातली. आता रोज सकाळी मी माझी गाडी त्याच्या अंगणात लावतो आणि त्याच्याच पिकअपमधून त्याला कॅफेत नेतो. तो म्हणतो, बसायचं तर आपल्या गाडीत.

आज त्याला आमच्याकडे जेवायला आणताना ओढ्याचा उतार आला. संध्याकाळ होत होती, डॅशबोर्ड पांढरा लागलेला. मी गाडी कडेला घेतली. तिथेच.

"काय झालं?" नेस्टर म्हणाला. "बॅटरी?"

"नाही. त्या दिवशी जी गाडी जवळून गेली ना."

"हं."

"तो मी होतो. मी बोट उचललं, तू उचललं नाहीस, म्हणून थांबलो नाही."

तो समोर बघत होता, म्हणजे कुठेतरी कडेला. हीटर घुरघुरत होता.

"तुझा सायलेन्सर किती वर्षं फुटलाय, ॲल्विन?" तो म्हणाला. "तीन मैलांवरून ओळखतो मी. गाडी हळू झाली तेव्हा दाराची कडी चाचपत होतो. सापडेपर्यंत तू गेलास."

"तुला माहीत होतं."

"मग?"

"आणि इस्पितळात म्हणालास, कोण ते दिसलं नाही."

"नाहीच दिसलं. मी खोटं कशाला बोलू?"

त्याने पट्टी बांधलेला हात माझ्या गुडघ्यावर आपटला, जरा जोरातच. "फार राग आला होता मला. मेणबत्ती लावली आणि तुला सगळ्या शिव्या घातल्या, इंग्रजी संपल्या तेव्हा आजीच्या युक्रेनियन काढल्या. मग म्हटलं, येईल. जेवेल, लाज वाटेल, येईल. चल आता, पाय गारठले."

मी गिअर टाकला. डोळ्यांना पाणी आलं होतं आणि ते पुसायला मी त्याच्या बाजूचा हात वापरला नाही, नाहीतर त्याला कडेने दिसलं असतं.

उतार चढून वर आलो तर समोरून एक गाडी येताना दिसली. नेस्टरने कान टवकारले.

"कोण रे हा?"

म्हणजे हा आवाज त्याला ओळखू आला नाही. मला इतकं बरं वाटलं की स्वतःचीच लाज वाटली. पण बरं वाटलं.

"ग्रॅहम," मी म्हणालो.

"बोट उचल मग. माझं बांधलेलं आहे, माझ्या वतीनेही उचल."

मी स्टीअरिंगवरून दोन बोटं उचलली. आमच्याकडे असं कोणी करत नाही. ग्रॅहम वळून वळून बघत गेला.